तहकूब सभेचा अर्धा तास

आमच्या संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी दोनदा सुरू होते. पहिल्यांदा सूचनापत्रात छापलेल्या वेळी, तेव्हा अध्यक्ष उभे राहून गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्याचे जाहीर करतात. आणि दुसऱ्यांदा अर्ध्या तासाने, त्याच सभागृहात, त्याच माणसांच्या उपस्थितीत, कारण तहकूब सभेला गणसंख्येची अट लागू नसते आणि तशी टीप सूचनापत्राच्या तळाशी आधीच छापून ठेवलेली असते. बी.एड. आणि डी.एल.एड. महाविद्यालयांत शिकवणाऱ्या, म्हणजे उद्याच्या शिक्षकांना शिकवणाऱ्या माणसांची ही राज्यव्यापी संघटना. तिची सहसचिव म्हणून त्या मधल्या अर्ध्या तासात माझी जागा ठरलेली असते: दाराशेजारचे टेबल, त्यावर उपस्थितीची नोंदवही, पावतीपुस्तक, कार्बनचा चुरगळलेला कागद आणि नव्या सदस्यत्वाच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा. हा गठ्ठा सहसा जेवढा नेते तेवढाच परत येतो. या वर्षी त्यातला एक अर्ज कमी झाला, पण सदस्य वाढला नाही.

एक तरुण प्राध्यापिका टेबलाशी आल्या. तिशीच्या आतबाहेरचे वय, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे पाठनिरीक्षण वह्यांचे, म्हणजे भावी शिक्षकांच्या सराव पाठांवर अभिप्राय लिहायच्या वह्यांचे, तपकिरी कोपरे. रविवारच्या सभेला येतानाही सोमवारी परत द्यायच्या वह्या सोबत आणलेल्या पाहून मला त्या लगेच आपल्यातल्या वाटल्या. त्यांनी अर्ज मागून घेतला आणि टेबलाच्या कडेवर ठेवून उभ्या उभ्याच भरायला सुरुवात केली. नाव, पत्ता, शैक्षणिक पात्रता हे रकाने झरझर भरले गेले. एम.ए., एम.एड., सेट. सातव्या रकान्याशी पेन थांबले. ‘पूर्णवेळ पदावर रुजू झाल्याचा दिनांक व विद्यापीठ मान्यतेचा क्रमांक’ असा तो रकाना. “मॅडम, मी तासिका तत्त्वावर आहे. चार वर्षं झाली. इथं काय लिहू?” तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन, पूर्णवेळ पद नाही. मी म्हणाले, “ते रिकामं ठेवा, बघू आपण.” त्यांनी अर्जाच्या तळाशी बोट नेले आणि वाचून दाखवले, “अपूर्ण अर्जाचा विचार केला जाणार नाही.” त्या वाचण्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती, वर्गात एखादे कलम स्पष्ट उच्चारांत वाचावे तसे त्यांनी ते वाचले, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले. मग त्यांनी अर्जाची चौकोनी घडी घातली, वह्यांमध्ये सरकवली, “पुढच्या वर्षी बघते,” असे म्हणून त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या. सभा दुसऱ्यांदा सुरू झाली आणि मी मागील सभेचे इतिवृत्त वाचायला उठले, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

सातवा रकाना अर्जात मीच घातलेला होता.

सभा पुढे रीतसर पार पडली. मागील इतिवृत्त कायम झाले, लेखापरीक्षित ताळेबंद मंजूर झाला, लेखापरीक्षकांची फेरनेमणूक झाली, सूचक आणि अनुमोदक यांची नावे नेहमीप्रमाणे नंतर भरून घेतली गेली. सात माणसे एकत्र आली की १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था उभी राहते. महाराष्ट्रात तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते, दर वर्षी हिशेब सादर करावे लागतात, आणि कार्यकारिणीत एक नाव बदलले तरी ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. या सगळ्यात मी आता बरीच पारंगत झाले आहे. ठरावाचा मसुदा मी झोपेतही लिहू शकेन. परंतु परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आले की दिवसभरात आम्ही शिक्षणशास्त्राचे इतके पदवीधर एका छताखाली होतो आणि ‘मूल’ हा शब्द कोणाच्याही तोंडून एकदाही निघाला नव्हता. पिशवीत वह्या घेऊन आलेली एकच व्यक्ती त्या सभागृहात होती आणि ती अर्ध्या तासात निघून गेली होती.

मी स्वतः या संघटनेत आले ते अर्ज वाचूनसुद्धा आले नव्हते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी शिक्षक खोलीत माझ्यासमोर एक कागद ठेवला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि शुल्कही त्यांनीच भरून टाकले. त्या काळी बी.एड. एक वर्षाचे होते आणि ते एक वर्षसुद्धा प्रवेशाच्या लांबलेल्या फेऱ्यांमुळे आखूड होत जाई. दिवाळीनंतर सराव पाठांची अशी झुंबड उडायची की एकेका दिवशी चार-चार, पाच-पाच पाठ पाहावे लागत. वर्गाच्या शेवटच्या बाकावर, आखूड आणि अरुंद, गुडघे वर येतील अशा जागी बसायचे, छात्राध्यापिकेचे पाठ टाचण मांडीवर घ्यायचे, फळ्याकडे पाहायचे, घड्याळाकडे पाहायचे आणि तास संपायच्या आत निरीक्षण वहीत अभिप्राय लिहून सही करायची. अभिप्राय कसा लिहावा हे मला कोणी शिकवले नव्हते. एम.एड.ला मी प्रबंध लिहिला होता, संख्याशास्त्राचा पेपर दिला होता, शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर पानेच्या पाने भरली होती. पण दुसऱ्याला शिकवताना पाहायचे कसे, हा विषय कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हता. मग मी तेच लिहू लागले जे माझ्या स्वतःच्या बी.एड.च्या वहीत माझ्या निरीक्षकांनी लिहिले होते. प्रस्तावना छान. प्रश्न अधिक हवेत. फलकलेखन सुधारा. आवाज चांगला. हे चार तुकडे आलटूनपालटून वापरले की वर्ष निघते.

बाईंबरोबर मी पहिल्यांदा अधिवेशनाला गेले, तेव्हा राहण्याची सोय एका वसतिगृहात केलेली होती. लोखंडी खाटा, उशाशी फडफडणारा पंखा, भिंतीवर कोण्या विद्यार्थिनीने लावलेले आणि आता पिवळे पडलेले वेळापत्रक. दिवसभराची भाषणे मला आज आठवत नाहीत. रात्र मात्र लख्ख आठवते. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या सहा-सात जणी त्या खोलीत होतो आणि प्रत्येकीजवळ तपासायच्या वह्या होत्या, कारण हंगामच तो होता. मराठवाड्यातल्या एका अध्यापक विद्यालयाच्या बाईंनी माझी एक वही सहज उचलली, तीन-चार पाने उलटली आणि म्हणाल्या, “बाळ, हा पाठ कुणी घेतला, कुठे घेतला, कशावर घेतला, यातलं काहीच तुझ्या लिहिण्यावरून कळत नाही. हा शेरा तू त्या वर्गात न जाताही लिहू शकली असतीस.” मला कानकोंडे झाले. त्यांनी मला त्या पाठाबद्दल विचारायला सुरुवात केली. कोणता वर्ग? सातवी. विषय? भूगोल, वारे. मुलांनी काय विचारले? मी आठवू लागले, आणि आठवले: खिडकीजवळच्या एका मुलीने विचारले होते की वारा दिसत नाही तर त्याला दिशा असते हे पहिल्यांदा कोणाला कसे कळले. मग छात्राध्यापिकेने काय केले? तिने “छान प्रश्न” म्हटले आणि पुढे गेली. “मग हे लिही ना,” बाई म्हणाल्या. “त्या मुलीचा प्रश्न लिही आणि विचार की यावर थांबली असतीस तर उरलेल्या तासाचं काय झालं असतं. टाचणाबाहेर पाठ गेला असता, पण कदाचित तिथंच पाठ सुरू झाला असता.” त्या रात्री मी तो अभिप्राय वहीत पुन्हा लिहिला, जुन्या चार शब्दांवर रेघ मारून. माझ्या नोकरीतले पहिले प्रशिक्षण कोणते, असे मला कोणी विचारले तर मी त्या खाटेवरच्या अर्ध्या तासाचे नाव सांगेन. त्याचे प्रमाणपत्र मिळाले नाही, आणि अधिवेशनाच्या अहवालात त्याची नोंदही नाही.

कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल जे लिहिले आहे त्यातला एक भाग मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी शिकवताना थोडी अडखळते. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. प्रशिक्षण संस्थांचे एकटेपण तोडल्याशिवाय त्या सुधारणार नाहीत, असे आयोगाचे निदान होते, आणि ते एकटेपण त्याने तिहेरी मानले: विद्यापीठाच्या विद्याव्यवहारापासूनचे, शाळांच्या रोजच्या जगण्यापासूनचे आणि प्रशिक्षण संस्थांचे एकमेकींपासूनचे. पहिल्या दोहोंबद्दल बोलायला पुष्कळ माणसे मिळतात, परिसंवाद होतात, निबंध वाचले जातात. तिसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि आमच्यासारख्या संघटनेला अस्तित्वाचे कारण असेल तर ते तिथेच आहे.

या तिसऱ्या एकटेपणाचे मूळ आमच्या नावांतही आहे. डी.एल.एड.ला, म्हणजे जुन्या डी.एड.ला शिकवणारे ते अध्यापकाचार्य. बी.एड.ला शिकवणारे प्राध्यापक. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत, ज्यांना सगळे डायट म्हणतात, तिथे शिकवणारे अधिव्याख्याता. शाळांमध्ये प्रत्यक्ष जाऊन शिक्षकांच्या खांद्याला खांदा लावणारे साधनव्यक्ती आणि केंद्रप्रमुख. काम पाहावे तर चौघांचे एकच, मोठ्या माणसाला लहान मुलापुढे उभे राहायला शिकवणे. पण अध्यापकाचार्यांचा विभाग शालेय शिक्षण, प्राध्यापकांचा विभाग उच्च शिक्षण. एकाची परीक्षा परिषद घेणार, दुसऱ्याची विद्यापीठ. एकाची परिपत्रके पुण्याच्या एका इमारतीतून, दुसऱ्याची दुसऱ्या. वेतनश्रेणी निराळ्या, सुट्ट्यासुद्धा निराळ्या. शिक्षक होण्याच्या साऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद तेवढी दिल्लीत एकच आहे, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, जी १९७३ पासून सल्लागार मंडळ होती आणि १९९३ च्या कायद्याने वैधानिक झाली. आणि तिच्या नियमांचाही बोजा जेवढा सारखा वाटला जातो तेवढी सोबत सारखी मिळत नाही. संघटना स्थापन करणाऱ्यांनी अध्यापकाचार्य आणि प्राध्यापक दोघांनाही एकाच घटनेत सामावून घेतले ही त्यांची मोठी दूरदृष्टी होती, असे मी मानते. वसतिगृहाच्या त्या खोलीत माझी वही उचलणाऱ्या बाई अध्यापकाचार्य होत्या. सरकारी रचनेत आमची गाठ पडण्याची शक्यता शून्य होती.

अमेरिकेतल्या अशाच एका व्यावसायिक संघटनेचा इतिहास मला यासाठी आवडतो. आज ती अध्यापक-शिक्षकांची संघटना म्हणून ओळखली जाते, पण १९२० मध्ये ती सुरू झाली ती सराव पाठांवर देखरेख करणाऱ्या संचालकांची संघटना म्हणून. आजचे व्यापक नाव तिने १९७० मध्ये घेतले. म्हणजे सुरुवात पदापासून झाली नव्हती, कामापासून झाली होती, आणि ते कामही नेमके शेवटच्या बाकावर बसण्याचे. आमचा प्रवास बहुधा उलटा झाला.

सातवा रकाना कसा आला, ते आता सांगायलाच हवे, कारण त्यात माझा हेतू वाईट नव्हता आणि तेच अवघड आहे. एक काळ असा होता की महाराष्ट्रात डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालये भराभर निघाली, कायम विनाअनुदानित तत्त्वावर, एकेका तालुक्यात कितीतरी. तपासणी समिती येणार असली की एरवी कधी न दिसणारी नावे हजेरीपटावर उगवत, एकाच माणसाची मूळ प्रमाणपत्रे दोन-तीन संस्थांच्या फायलींत सापडत, ग्रंथालयातली पुस्तके एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत टेम्पोने फिरत. हे आमच्यापैकी कोणालाही नवे नव्हते. मी ज्या महाविद्यालयात सुरुवातीची काही वर्षे काढली तिथेही तपासणीच्या सकाळी माझी ओळख माझ्याच विभागातल्या दोन सहकाऱ्यांशी पहिल्यांदा झाली आणि संध्याकाळी त्यांचा निरोपही झाला. मी गप्प बसले. पुढे महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याच आयोगाचा हवाला देऊन म्हटले आहे की देशातल्या १०,००० हून अधिक स्वतंत्र अध्यापक-शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मान खाली गेली. रागही आला, कारण बहुसंख्य म्हटले की उरलेल्यांचा चेहरा पुसला जातो. आणि रागाच्या मागोमाग हेही जाणवले की आपला चेहरा वेगळा दिसावा यासाठी आपणही काही केले नव्हते. संघटनेने त्या काळात निवेदने दिली ती महाविद्यालये वाचवण्यासाठी, आतल्या माणसांसाठी फार थोडी.

त्यानंतरच्या कार्यकारिणीत मी पहिल्यांदा निवडून आले आणि माझा पहिला ठराव सदस्यत्वाच्या अर्जाबद्दल होता. कागदावरचे शिक्षक निदान आपल्या संघटनेत तरी येऊ नयेत, त्यांच्या मतांवर निवडणुका होऊ नयेत, यासाठी रुजू दिनांक आणि विद्यापीठ मान्यतेचा क्रमांक बंधनकारक करावा, असे मी मांडले. टाळ्या पडल्या होत्या. मलाही काहीतरी धुतल्यासारखे, स्वच्छ वाटले होते. ज्यांना अडवायचे होते त्यांच्याकडे मान्यतेची पत्रे नेहमीच तयार असतात, हे माझ्या तेव्हा का लक्षात आले नाही, याचे मला आता नवल वाटते. कागदावरच्या माणसाला कागदाची अट कधीच अडवत नाही.

मधल्या वर्षांत चित्र पार बदलले. २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०१५-१६ पासून ते लागू झाले आणि शाळेतला सहभाग एकूण २० आठवड्यांवर गेला, त्यातली १६ आठवड्यांची सलग आंतरवासिता दुसऱ्या वर्षात. ५० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या, दोन वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी, आणि त्यांच्यासाठी १६ पूर्णवेळ शिक्षक असे गणित विनियमांत आहे. गणित सुंदर आहे. प्रत्यक्षात निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, अनुदानित महाविद्यालयांतसुद्धा शिक्षक खोलीतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतात आणि त्यांच्यावर तासिका तत्त्वावरची तरुण मुले-मुली येऊन बसतात. डी.एड.ची कित्येक विद्यालये विद्यार्थी नाहीत म्हणून बंद पडली. आमच्या सदस्य नोंदवहीत अध्यापकाचार्यांच्या नावांपुढे ‘सेवानिवृत्त’ असा शिक्का मारता मारता शिक्क्याची शाई बदलावी लागली. आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला आहे, एकशाखीय महाविद्यालयांनी २०३० पर्यंत बहुशाखीय व्हायचे आहे, एक वर्षाचे बी.एड. परत आणण्याचा मसुदाही मध्यंतरी निघाला. आमची अधिवेशने या परिपत्रकांच्या वाचनातच संपतात, आणि त्याला मी पूर्णपणे नावे ठेवणार नाही. ज्याची नोकरी उद्या असेल की नाही हे ठरलेले नाही, त्याला रात्री वह्या घेऊन बसा असे सांगणे सोपे नसते.

सभेनंतरच्या आठवड्यात मी एक काम केले, जे खरे तर कधीच करायला हवे होते. आमच्या महाविद्यालयात छात्राध्यापकांच्या पाठनिरीक्षण वह्या वर्षअखेर एका कपाटात ठेवल्या जातात. शनिवारी दुपारी, शिपाईदादांकडून किल्ली मागून घेऊन, मी त्या वह्या काढल्या आणि जमिनीवर सतरंजी टाकून सह्यांनुसार ढीग लावून पाने पाहायला बसले. धूळ, डिंकाचा जुना वास, मध्येच एखाद्या वहीत दाबून ठेवलेले शैक्षणिक साधनाचे रंगीत कात्रण. तास-दीड तासातच दिसू लागले की निम्म्याहून कितीतरी अधिक पाठ तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनी पाहिले आहेत. आम्ही पूर्णवेळ लोक समित्यांत, मूल्यांकनाच्या अहवालांत, प्रवेशफेऱ्यांत अडकलेलो असतो. त्यांच्या सह्यांखाली ‘पद’ अशी छापील ओळ आहे आणि ती जवळपास प्रत्येक पानावर रिकामी आहे.

त्यातल्या एका वहीतला अभिप्राय मी उतरवून घेतला. पाचवीचा वर्ग, गणिताचा पाठ, दोन अंकी संख्येने गुणाकार. अभिप्राय असा होता: “तिसऱ्या उदाहरणात हातचा मिळवायचा राहिला आणि उत्तर चुकले. तुम्ही लगेच फळा पुसलात. डाव्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा तेव्हा हात वर करून बसला होता. चूक त्याला सापडली होती. तुम्ही फळा पुसल्यावर त्याने हात खाली घेतला. चुकलेले उदाहरण तसेच ठेवून वर्गाला विचारून पाहा. तुमची चूक मुलांनी शोधली तर तुमचा मान कमी होणार नाही.” खाली सही, दिनांक आणि रिकामी ओळ. मी तो तीनदा वाचला. वसतिगृहातल्या त्या बाई आता हयात नाहीत, नाहीतर मी त्यांना वाचून दाखवला असता. त्यानंतर त्याच ढिगातून मी माझ्या सह्यांच्या वह्या वेगळ्या काढल्या. पहिली उघडली. प्रस्तावना छान. फलकलेखन सुधारा. दुसरी उघडली. अकराव्या वहीपर्यंत गेले आणि मग उरलेल्या तशाच कपाटात ठेवून दिल्या.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी घटनादुरुस्तीचा मसुदा ठेवला. सातव्या रकान्याऐवजी नवा मजकूर: ‘गेल्या वर्षभरात आपण निरीक्षण केलेल्या कोणत्याही एका पाठावरील आपल्या अभिप्रायाची प्रत जोडावी.’ नियुक्तीचा प्रकार कोणताही चालेल. विरोध झाला, आणि सगळाच विरोध क्षुद्र नव्हता. तासिका तत्त्वावरची माणसे दर वर्षी बदलतात, मतदार यादी कशी ठेवायची, हा प्रश्न खरा आहे. ती माणसे आपल्या संस्थेविरुद्ध उभी राहिली तर संघटना त्यांना काय संरक्षण देणार, हा त्याहून खरा आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कोषाध्यक्षांनी मसुदा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “मॅडम, ही अट जुन्या सदस्यांना लावली, तर या टेबलाभोवतीचे किती जण राहतील?” कोणी हसले नाही. पंख्याखाली मसुद्याचे कागद फडफडत होते आणि प्रत्येक जण आपापला कागद हाताने दाबून धरून होता. शेवटी विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरले, बहुधा तिथे तो आपोआप बारगळेल या भरवशावर.

कारण आमच्या घटनेत एक कलम आहे: घटनादुरुस्ती तहकूब सभेत करता येत नाही. अर्ध्या तासाची सोय तिला लागू नाही. ठरावीक माणसे ठरावीक वेळी खरोखरच खुर्च्यांवर बसलेली असली पाहिजेत, आणि असे शेवटचे कधी झाले होते हे जुनी इतिवृत्ते चाळूनही मला सापडले नाही.

म्हणून सध्या रोज संध्याकाळी मी सदस्य नोंदवही घेऊन बसते आणि फोन करते. निम्मे क्रमांक बदललेले आहेत. जे उचलतात त्यांतले बरेच जण आधी विचारतात, वेतननिश्चितीचा विषय आहे का. त्या तरुण प्राध्यापिकांनाही फोन करावा असे पहिल्याच दिवशी मनात आले होते, पण त्यांचा क्रमांक ज्या अर्जावर होता तो घडी होऊन त्यांच्याच पिशवीत गेला आहे, आणि उपस्थितीची नोंदवही फक्त सदस्यांसाठी असल्यामुळे त्यात त्यांची सही मी घेतली नव्हती. इतरांना विषय समजावून सांगताना सुरुवातीला मी कलम क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर असे क्रमाने सांगत असे आणि पलीकडून “बरं, बरं” येत असे. आता मी तसे करत नाही. तो गुणाकाराचा अभिप्राय वाचून दाखवते आणि म्हणते की हा ज्यांनी लिहिला त्या आपल्या सदस्य होऊ शकत नाहीत.

काल विदर्भातल्या एका निवृत्त अध्यापकाचार्यांना फोन लागला. त्यांचे विद्यालय बंद होऊन बरीच वर्षे झाली. ऐकू कमी येते म्हणून त्यांनी मला दोनदा, मोठ्या आवाजात वाचायला लावले. वाचून झाल्यावर पलीकडे इतका वेळ काहीच आवाज आला नाही की फोन कट झाला असे मला वाटले. मग ते म्हणाले, “ते सभेचं राहू द्या, येतो मी. पण त्या पोरानं पुढच्या पाठात हात वर केला का?”

मला माहीत नव्हते. मी एकाच पाठावरचा अभिप्राय उतरवून घेतला होता, पुढचे पान पाहिले नव्हते. “सोमवारी वही काढून सांगते, सर,” मी म्हणाले. “सांगा,” ते म्हणाले, “मी वाट पाहतो,” आणि नंतर जरा थांबून त्यांनी विचारले, हातचा नेमका दशकाचा राहिला होता की शतकाचा.